पायरीवरचा झेंडू

"वैनी, तुम्ही बोलू नका. मी बोलते, तुम्ही नुसतं ऐका," असं म्हणत ठकूबाई अंगणाच्या दारात टेकली आणि फुलांची पुडी तिनं आत सरकवली.

मी तुळशीपुढं रांगोळीनं गोपद्मं काढत होते. चातुर्मासात रोज तेहेतीस गोपद्मं काढायची आणि ती पुरी होऊन देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, असा माझा नेम होता. अजूनही आहे. ठकूबाईला तो ठाऊक होता. सिद्धनाथाच्या देवळाच्या तिसऱ्या पायरीवर ती फुलं विकायला बसायची. तिच्या आधी तिची सासू तिथंच बसायची. माझ्या पूजेची फुलं ती जाता-जाता घरी टाकून जाई आणि मी मौनात असले की चार गोष्टी जास्तच सांगे. तिला बोलू देणारं, मध्ये तोंड न घालणारं गावात मीच एक, असं ती म्हणायची.

"पालिकावाले पायऱ्या मोकळ्या करणार हाईत. गणपतीच्या आदी समद्यांना उठवणार. पर पंच्याऐंशी सालाच्या आदीपासनं जे बसत्यात, त्यांना देवळाच्या मागं पत्र्याचा गाळा देणार म्हनं. गाळं अकरा, अर्ज चाळीस. सायेब म्हनतोय पुरावा आणा. आता पुरावा कुटला आणू? पालिकावाले बसायच्या पट्टीच्या पावत्या फाडायचे, त्यात मी लोकास्नी बुक्का बांधून दिला. अर्ध्या गावाच्या कपाळाला माझा पुरावा लागून गेला!"

ती स्वतःच हसली. मीही मान खाली ठेवून हसले. अठरावं पाऊल काढत होते.

"मग त्यो भोकरे हेडक्लार्क म्हनला, अगं, वरच्या हालात नाथाचं चित्र लावलंय, पुराणिकबाईंनी, म्हंजे तुमी, काढल्यालं. त्याला पितळी पट्टी हाय, चौऱ्याऐंशी सालच्या फोटूवरनं काढलं म्हणून. त्यात तू असशीलच की. सायेब त्योच पुरावा धरंल. तवा मला आटवलं! तुमच्या मालकांनी फोटू काढला, तवा मी म्हनलं, दादा, जरा पदर नीट करू द्या. तर ते म्हनले, हलू नको, हाय तशी बस. आटवतंय का त्यांना?"

माझा हात थांबला. चिमटीतली रांगोळी एका जागी सांडली.

"अगं बया, माझ्यापायी गाईचं पाऊल वाकडं झालं," ठकूबाई उठत म्हणाली. "मी काय वर हालात कवा गेले न्हाई. कोण जाऊ देतंय आमाला? पर भोकरे म्हनला, पुढल्या शुक्रवारच्या पुढल्या शुक्रवारी सुनावणी हाय, चित्रापुढंच उभी करतो तुला. मी बिनघोर झाले बगा. मी न्हाई तर ती पायरी काय चांगली दिसंल व्हय?"

मौन होतं, पण हात वर केला असता तरी ती थांबली असती. मी हात वर केला नाही. ती गेली, आणि मी वाकडं झालेलं पाऊल पुसून पुन्हा काढलं.

त्या चित्रात ठकूबाई नव्हती.

आमचं काम कसं चालायचं ते सांगायला हवं. यांचा तिळापूरच्या बाजारपेठेत फोटो स्टुडिओ होता. लग्नामुंजींचे फोटो काढून वेळ उरला की हे गाव टिपायचे. वेस, घाट, गुरुवारचा बाजार, तांबट आळी, सगळं काळंपांढरं. त्यातला एखादा फोटो मोठा करून मला द्यायचे. मी त्याच्यावर पेन्सिलीनं चौकटी आखायची, तेवढ्याच चौकटी कॅनव्हासवर आखायची आणि एकेक चौकट तेलरंगात उतरवायची. रंग आठवणीतून भरायचे. चित्र पुरं होईपर्यंत फोटोची दैना झालेली असे, जवसाच्या तेलाचे डाग, रंगाची बोटं. बाकीचे फोटो मी रद्दीत टाके. पण ज्यात देव दिसतो तो फोटो केराच्या टोपलीत कसा टाकायचा? भंगलेली मूर्ती, फाटलेली तसबीर आपण नदीत सोडतो, तसे ते फोटो मी निर्माल्याबरोबर नदीत सोडत असे. सिद्धनाथाचाही सोडला होता, एक्क्याण्णव साली, पालिकेच्या शताब्दीसाठी ते चित्र दिल्यावर. कपाळाला लावून सोडला होता.

दुपारी जेवताना मी यांना सगळं सांगितलं.

"निगेटिव्ह?" मी विचारलं.

"चौऱ्याण्णवच्या पुरात दुकानात कमरेएवढं पाणी होतं. निगेटिव्हचे डबे उघडले तेव्हा आत नुसता लगदा होता. विसरलीस?" हे म्हणाले. मग भातावर ताक ओतून घेत म्हणाले, "एक तू नदीला दिलास, बाकीचे तिनं घरी येऊन नेले."

"आता हो काय करायचं?"

"करायचं काय? साहेबांना जाऊन सांग. फोटोत बाई होती, मी चित्रात घेतली नाही. दोन वाक्यं आहेत. फोटो मी काढलाय, मीही येतो हवं तर."

"सगळ्यांसमोर सांगायचं? ते चित्र खरं म्हणून त्यांनी लावलंय. शाल दिली, नारळ दिला, भाषणात म्हणाले की जसंच्या तसं गाव या बाईंनी जपून ठेवलं."

"मग शाल परत कर," हे हसत म्हणाले. माझ्याकडं बघितल्यावर त्यांचं हसू गेलं. "अगं, सांगून टाक. सोपं आहे ते."

"तुम्हाला आठवतं, मी तिला का वगळलं?"

"मी विचारलं नव्हतं. तुझी चित्रं, तुझा देव. मी फक्त बटण दाबतो."

दुसऱ्या दिवशी नैवेद्य झाल्यावर मी पालिकेत गेले. सांगायचं असंच ठरवून गेले होते. दोन्ही वाक्यं वाटेत मनात म्हणत गेले. पण मला बघितल्यावर मुख्याधिकारी साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले.

"या, माणिकबाई. परवाच पुण्याचे पाहुणे आले होते, त्यांना तुमचं चित्र दाखवलं. म्हणाले, एक दगड इकडचा तिकडं नाही. मी म्हटलं, बाई देवभोळ्या आहेत, खोटं काढणारच नाहीत."

"साहेब, त्या चित्राचं जरा..." मी म्हणाले.

"बोला ना."

"त्याला वार्निश द्यायला हवं. पावसाळी हवा आहे, बुरशी धरेल. आठ-दहा दिवस घरी नेते, तुमच्या सुनावणीच्या आधी आणून देते."

हे कसं तोंडातून आलं मला आजही कळत नाही. वार्निशचं मी वाटेत एकदाही मनात आणलं नव्हतं. साहेब म्हणाले, किती काळजी घेता हो तुम्ही, आणि दोन शिपायांना हाक मारली. भर दुपारी हातगाडीवर झाकून सिद्धनाथ माझ्या घरी आला.

हे दारात उभे होते. हातगाडी बघितली आणि त्यांनी चित्राचं एक टोक धरलं. आत आणून भिंतीशी टेकवल्यावर म्हणाले, "सांगितलंस?"

मी पायावर पाणी घ्यायला गेले.

माझ्या मनाला मी असं समजावलं होतं की यात खोटं काही नाही. बाई तिथं होती. नाही ती मी बसवत नव्हते, होती तिला परत जागेवर आणत होते. व्रतात असत्य बोलायचं नसतं, आणि मी बोलत तर नव्हतेच, मी रंगवत होते.

पण फोटो नव्हता. चौकट नव्हती. इतक्या वर्षांत मी फोटोशिवाय एक ओंजळभरही कॅनव्हास रंगवला नव्हता. चित्रातली पायरी पुसून मी कोळशानं तिची बैठक धरली आणि हात अडला. ठकूबाईला मी रोज बघायची, आणि तिचं नाक कसं आहे तेच मला आठवेना. म्हणून संध्याकाळी देवळात गेले आणि खांबाशी उभी राहून तिच्याकडं बघत राहिले.

"काय ओ वैनी, नाथाकडं पाठ करून माझ्याकडं काय बगताय? नवस बोललाय का मला?"

"ठकूबाई, चौदा वर्षांपूर्वी तुम्ही कशा दिसत होता हो?"

"हाय अशीच. फकस्त कमी झिजल्याली." ती हार ओवता ओवता म्हणाली. "तवा हे होते. कपाळाला ह्येवडं कुंकू लावायची. का ओ?"

"सहज."

"चित्र घरी आणलंय म्हनं तुम्ही, भोकरे सांगत हुता. पुसपास करताय तर माझं तोंड जरा नीट पुसा. सायबानं ओळखलं पायजे!" आणि शेजारच्या नारळवाल्याला म्हणाली, "तुला न्हाई रे चित्र. तू शहाण्णव साली आलास. तू आता सासऱ्याच्या दारात नारळ विक."

पाच दिवस मी रोज गोपद्मं झाली की चित्रापाशी बसायची. पावसात तेलरंग वाळत नाही हे मला कोणी सांगायला नको होतं. म्हणून सगळं पातळ हातानं केलं. टर्पेंटाइन जास्त, तेल नावाला. लुगडं, हात, चेहरा, कपाळावर तेव्हाचं कुंकू. ते सगळं तिसऱ्या-चौथ्या दिवशी बोटाला लागेनासं झालं. शेवटी राहिला पाटीतला झेंडू. तोही पातळच काढायचा होता. पण ब्रश टेकवला तर फुलं अशी फिक्की दिसायला लागली, जणू कालची उरलेली आहेत. सात वर्षं तिला मी त्या पायरीवर बसू दिलं नव्हतं, आता तिच्यापुढं शिळी फुलं कशी ठेवायची? मी रंगाची सुरी घेतली आणि पिवळा, नारिंगी सरळ ट्यूबमधून काढून थापला. पाटी भरून फुलं पायरीवर सांडली. ढीग झाला.

हे मागं येऊन उभे राहिले.

"सुंदर झालंय," म्हणाले. "वाळायचं कधी?"

"शेगडीजवळ ठेवते."

"नाथाला शेकवणार आता? अगं, हा बोटभर जाड रंग आहे. महिना घेईल. खरवडून पातळ कर."

"राहू दे. कोण हात लावतंय?"

शुक्रवारी शिपाई चित्र घेऊन गेले. मी पिशवीत चिंध्या आणि टर्पेंटाइनची बाटली घेतली, चौकटीवर डाग पडला असेल तर पुसायला म्हणून, आणि मागोमाग गेले. हॉलमध्ये चित्र अजून टांगलं नव्हतं, टेबलावर भिंतीला टेकवून ठेवलं होतं. साहेब होते, भोकरे फायली घेऊन बसले होते, बाकावर दहा-बारा अर्जदार होते. तांबट आळीतल्या एका भांड्यावाल्याचा अर्ज नुकताच फेटाळला गेला होता आणि तो अजून दारातच कोणाला तरी शिव्या घालत होता.

"ठकूबाई फुलारी," भोकरेंनी पुकारलं.

ती जिन्यावरून धापा टाकत आली. धुतलेलं लुगडं नेसली होती. दारातून चित्र दिसल्याबरोबर तिनं वहाणा बाहेर काढल्या. मग पुढं आली आणि बघतच राहिली.

"अगं आई गं," ती म्हणाली. "मीच की!"

"ओळखलंस का?" भोकरे म्हणाले.

"मला मी न्हाई ओळखणार व्हय? पर माझं नाक आसं चपटं न्हाई ओ, वैनी. आन् हे लुगडं हिरवं हुतं, तुमी निळं केलं." सगळे हसले. साहेबही हसले. "कुंकू मातर बराबर हाय. ह्येवडंच लावायची मी." तिचा आवाज जरा ओला झाला. मग लगेच म्हणाली, "सायेब, बगा, फुलं बगा. चौऱ्याऐंशी सालापास्नं आशी ताजी फुलं इकती मी."

"दिसतंय, दिसतंय." साहेबांनी पेन उचललं. "भोकरे, यांचा घ्या मंजुरीत. चित्र फोटोवरून आहे, पट्टीवर साल आहे. नोंद करा."

झालं होतं. भोकरेंनी फाईलवर लिहायला सुरुवातही केली होती. मी मनात नाथाचं नाव घेतलं.

ठकूबाई एक पाऊल पुढं झाली. देवळात शिरताना रोज करायची तेच तिनं केलं. वाकून चित्रातल्या पायरीला उजव्या हाताची बोटं लावली आणि ती कपाळाला टेकवली.

वळली तेव्हा तिच्या कोऱ्या कपाळावर झेंडूच्या रंगाचा ओला पट्टा होता.

ती हसतच होती. तिला काही कळलं नव्हतं. बाकावरची एक बाई म्हणाली, "अगं, कपाळाला काय लागलं तुज्या?" ठकूबाईनं बोटांकडं बघितलं. साहेब खुर्चीतून उठले, चित्राजवळ आले, वाकले. त्यांनी हात लावला नाही. नुसता वास घेतला.

"माणिकबाई, हा रंग ओला कसा?"

मी उभी राहिले.

"वार्निश आहे का हे?"

"नाही."

"ही बाई चित्रात आधी होती का?"

मी म्हणाले, "नाही. पण फोटोत होती. साहेब, खरंच होती. मीच चित्रात घेतली नव्हती. मी लिहून देते. यांनी फोटो काढलाय, तेही लिहून देतील."

"दहा दिवसांपूर्वी तुम्ही माझ्यासमोर उभ्या होता," साहेब हळू आवाजात म्हणाले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. "तेव्हा हे लिहून दिलं असतं तर मी डोळे मिटून सही केली असती. तुमच्या शब्दावर. आता तुमचं लिहिलेलं फाईलला लावलं तर हे सगळे उद्या रंगाचा डबा घेऊन येतील. भोकरे, ते खोडा."

भोकरेंनी खोडलं.

"न्हवते म्हंजे?" ठकूबाई माझ्याकडं बघत होती. इतर कोणाकडं नाही. "फोटूत हुते?"

"फोटोत तुम्ही होता."

"मग चित्रात का न्हवते?"

सात वर्षं मला हे कोणी विचारलं नव्हतं. यांनीही नाही.

"तिसऱ्या पायरीच्या कडेला नाथाच्या पादुका आहेत," मी म्हणाले. "फोटोत तुम्ही त्यांच्या पुढं बसला होता. तुमच्या पाटीआड पादुका दिसत नव्हत्या. देवाचे पाय झाकलेले कसे काढायचे, म्हणून मी... तुम्हाला सोडून पादुका काढल्या."

ती अगदी साधेपणानं, मला काहीतरी समजावून सांगावं तशी म्हणाली, "वैनी, त्या पादुका मी धुते. रोज, पाटी मांडायच्या आदी. माझी सासू धुवायची. गुरवाला वरनं दिसत न्हाईत त्या, आमी धुवायच्या, राखायच्या, म्हणून आमाला तितं बसू दिलं हुतं."

मला हे माहीत नव्हतं. मी रोज देवळात जात होते. पण मी जायची ती गोपद्मं, पूजा, नैवेद्य सगळं उरकून, उन्हं वर आल्यावर. तोवर पादुका धुतलेल्या असत.

"चित्र पालिकेचं आहे," साहेब म्हणाले. "पूर्वी होतं तसं करून द्या. आत्ताच. पुन्हा घरी न्यायचं नाही. भोकरे, तुम्ही इथं थांबा." आणि ते आत गेले. अर्जदार एकेक करून उठले. काहीजण ठकूबाईकडं असे बघत गेले की तिनंच मला शिकवलं असावं. एकजण तसं मोठ्यानं म्हणालाही. नारळवाल्याला उत्तर देणारी ती बाई, पण तिनं उत्तर दिलं नाही.

भाद्रपद लागायच्या आत पायऱ्या मोकळ्या झाल्या. आठवडाभर तिनं वेशीबाहेर पाटी मांडून बघितली, तिथं फुलं घेणारं कोण येणार? मग ती लेकीकडं कारखान्याच्या चाळीत गेली. तिथं ऊस तोडणाऱ्यांची पोरं सांभाळायची, असं ऐकलं. दोन वर्षांनी गेली. मला कळलं तेव्हा तेरावाही होऊन गेला होता. पण हे नंतरचं.

त्या दिवशी हॉलमध्ये आम्ही तिघंच राहिलो. मी पिशवीतून बाटली आणि चिंध्या काढल्या. भोकरे खिडकीबाहेर बघत उभे राहिले.

"ठकूबाई, तुम्ही जा," मी म्हणाले. "तुमच्यासमोर नको."

"थांबा," ती म्हणाली. "मला एकदा बगू द्या."

ती चित्रासमोर उभी राहिली. तिनं पदर सारखा केला. चौदा वर्षांपूर्वी यांनी तिला करू दिला नव्हता, तो. चित्रातल्या बाईकडं तिनं बराच वेळ बघितलं, कुंकवाकडं, हातांकडं, पाटीकडं. मग बाजूला झाली.

"पुसा," म्हणाली.

मी चिंधी टर्पेंटाइनमध्ये भिजवली. आधी झेंडू पुसला, तो चिंधीला भसाभस आला. मग पाटी, मग हात. चेहरा वाळलेला होता, म्हणून मला वाटलं होतं की तो निघायला वेळ लागेल, घासावा लागेल, थोडा तरी राहील. पण रंग पातळ होता. दोनदा हात फिरवला आणि तोही आला. कपाळ सगळ्यात शेवटी गेलं.

खालच्या पादुका जशाच्या तशा निघाल्या. एक ओरखडा नव्हता त्यांच्यावर.

"झालं का?" भोकरेंनी खिडकीतूनच विचारलं.

"झालं," मी म्हणाले.